चिदोरी हरली पाहिजे

२ जून, रविवार

डॉक्टर म्हणाले, "आकुत्सु-सान, राग आला की ओरडायचं नाही. लिहून काढायचं."

मी म्हटलं, "मी बोटीवरचा तांडेल. मी ओरडलो नाही तर जाळं काय तुम्ही येऊन ओढणार?"

रक्तदाबाचा पट्टा सोडता सोडता ते फुमिएकडे बघून हसले. माझी बायको म्हणजे डॉक्टरांची हेर. घरी येताना दुकानात शिरली आणि ही वही घेऊन आली. वर सशाचं चित्र! साठीला टेकलेल्या माणसाने सशाच्या वहीत राग लिहायचा. चला, पहिला राग हाच.

दुसरा मोठा आहे. आमची बोट चिदोरी-मारू या हंगामानंतर भंगारात जाणार. दर वर्षी ठरलेल्या जागी ठरलेला वेळ जाळं ओढायचं, किती मासे आले ते मोजायचं, आणि त्यावरून सरकार ठरवणार की समुद्रात सुकेसो मासा किती उरलाय आणि कोळ्यांनी किती पकडायचा. हे काम चिदोरीने जन्मभर केलं. माझं निम्मं आयुष्य तिच्या डेकवर गेलं. आता तिच्या जागी होशिकागे-मारू आलीय. पांढरीशुभ्र, आत गरम पाण्याचा हौद, प्रत्येकाला वेगळी खोली. तरंगतं हॉटेल! शिरानुमा बंदरात तिला आमच्या शेजारीच उभी केलीय. आमची चिदोरी तिच्यापुढे लग्नघरात भांडी घासायला आलेल्या बाईसारखी दिसते.

आणि त्या हॉटेलचा तांडेल कोण? ओनोदेरा. माझा ओनोदेरा. त्याला गाठ मारायला मी शिकवलं, शिव्या द्यायला मी शिकवलं, आणि नवी बोट आली तसा गेला उडी मारून. नव्याचे नऊ दिवस, बाळा.

५ जून, बुधवार

आज निघण्याआधी हिबिनो-सेन्सेईंनी दोन्ही बोटींच्या माणसांना बसवून सगळं समजावलं. या बाई आमच्या मासेतज्ज्ञ, म्हणून सेन्सेई. चाळिशीच्या आहेत, आवाज एवढासा, पण लाटेत सुद्धा उभ्या उभ्या जेवतात, त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे.

त्या म्हणाल्या, "दुकानात नवा तराजू आणला की जुन्याच्या शेजारी ठेवून एकच बटाटा दोन्हींवर ठेवून बघायचा. नवा जास्त दाखवतो की कमी, ते एकदा कळलं की मग जुना फेकला तरी चालतो."

म्हणजे दोन्ही बोटींनी शेजारी शेजारी, एकाच वेळी, एकाच वेगाने, सारखाच वेळ जाळं ओढायचं. होशिकागेला आमच्या दीडपट मासे आले, तर पुढे तिच्या माशांना दीडने भागायचं. आमच्यापेक्षा कमी आले, तर वाढवून धरायचे. नाहीतर नुसती बोट बदलली म्हणून समुद्रातले मासे वाढले किंवा आटले असं वाटायचं.

"ही शर्यत नाही," सेन्सेई माझ्याकडे बघून म्हणाल्या.

"छे, छे," मी म्हटलं.

शर्यत नाही म्हणे! दोन बोटी शेजारी मासे पकडतायत आणि शर्यत नाही, हे फक्त मासे न पकडणारा माणूस म्हणू शकतो.

७ जून, शुक्रवार

जिंकलो! तीन वेळा ओढलं, तिन्ही वेळा जिंकलो. त्यांच्या दोन टोपल्या तर आमच्या तीन. आमचा स्वयंपाकी साकुमा तर झारा घेऊनच डेकवर नाचला.

जाळं टाकायच्या आधी रेडिओवर ओनोदेराचा आवाज आला, "ओयाजी, तुम्ही म्हणाल तेव्हा. तुमच्या मागून आम्ही." ओयाजी म्हणजे म्हातारबा, बाप. सगळीच पोरं मला ओयाजी म्हणतात, पण ओनोदेरा म्हणतो तेव्हा कानाला वेगळं लागतं. लागायचं. आता तो हॉटेलचा माणूस.

मी म्हटलं, "मागून कशाला? बरोबरीने टाक. लाज वाटते का?"

"हो ओयाजी," म्हणाला.

जाळं वर आल्यावर त्यांची सगळी पोरं कठड्याशी उभी राहून आमच्याकडे बघत वाकली. हरलेल्याने वाकावंच. पण हसत का होती कोण जाणे. हरून हसतात ही आजकालची पोरं. आमच्या वेळी जाळं रिकामं आलं तर तांडेलसमोर जेवायला बसायची हिंमत नव्हती.

८ जून, शनिवार

परत जिंकलो. गरम पाण्याचा हौद मासे पकडत नाही, हे सरकारला कोण सांगणार?

१० जून, सोमवार

सेन्सेईंनी माझं डोकं फिरवलं.

दोन्ही जाळ्यांच्या खालच्या काठाला एक यंत्र बांधलंय. जाळं तळाला टेकलंय की नाही ते त्याने कळतं. यंत्राच्या कागदावर आमची रेघ सरळ आहे, होशिकागेची थरथरते. सेन्सेई कागद घेऊन डेकवर आल्या.

"तांडेल, त्यांचं जाळं तळाला नीट लागत नसेल असं वाटतं का तुम्हाला? सुकेसो तळाशी असतो. काठ जरा जरी उचलला तरी खालून निसटणार."

"यंत्र नवीन आहे. नवी सून आठवडाभर भांडी आपटणारच."

"पण प्रत्येक वेळी? ओनोदेरा-सान तुमच्या हाताखाली शिकलेत. तुम्ही एकदा विचाराल का त्यांना?"

"मी का विचारू? हरणाऱ्याने विचारावं!"

एवढ्या जोरात ओरडलो की जाळं ओढणाऱ्या विंचवरचा माणूस दचकला. सेन्सेईंनी कागदाची घडी घातली आणि त्या गेल्या. आम्ही जिंकतोय हे यांना बघवत नाही. नवी बोट बांधताना यांनीही कुठेतरी सही केली असणार. हॉटेल हरलं तर वरच्यांना तोंड कसं दाखवणार? म्हणून यंत्र, रेघा, थरथर. नाचता येईना अंगण वाकडं!

११ जून, मंगळवार

धुकं एवढं की आपलाच हात आपल्याला दिसेना. दोन्ही बोटी बंदरात परतल्या. संध्याकाळी फुमिएला घेऊन चिनात्सुकडे जेवायला गेलो. आमची ही एकुलती एक. तिचा नवरा काझुमा त्याच्या बापाची जुनी होडी चालवतो, सुकेसोच पकडतो. कोटा दर वर्षी कमी होतोय, त्यामुळे घरात वातावरण नेहमी खारं असतं. आज मात्र पोरगा खुशीत होता. शोचू दारूचा दुसरा पेला त्यानेच भरला. सासऱ्याला तोही ओतोसान, म्हणजे बाबाच म्हणतो.

"ओतोसान, बंदरात बोलतायत की चिदोरीने नवीला धुतली म्हणे!"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, थोडं वाढवूनच सांगितलं.

तो बोटांवर हिशेब करायला लागला. "म्हणजे पुढे नव्या बोटीला दोन टोपल्या आल्या की सरकार तीन धरणार?"

"धरावेच लागणार."

"मग कोटा वाढणार!" त्याने मांडीवर थाप मारली. नेमुरोच्या एकाची मोठी बोट विकायला आहे. त्याला या महिनाअखेरीपर्यंत हो किंवा नाही सांगायचंय. "मी हो सांगतो, ओतोसान. तुमच्यामुळे सांगतो!"

चिनात्सु मुळ्याचं लोणचं वाढत होती. म्हणाली, "पण ओतोसान, समुद्रात मासे खरंच वाढलेत का?"

 बायकांना कुठे काय विचारावं कळत नाही. जावई एवढा खुश, बाप एवढा खुश, आणि ही लोणच्याची वाटी हातात घेऊन मासे मोजतेय. घरी येताना फुमिए म्हणाली, "बरोबर विचारलं तिने." म्हणजे लोणचं आईचंच.

१२ जून, बुधवार

पेनाने पान फाटतंय. अक्षर लागलं नाही तर नंतर शिव्या घालीन.

धुकं होतंच. म्हटलं, चला, हॉटेल तरी बघून येऊ. जरा टोमणेही मारू. ओनोदेराने शिडीपर्यंत येऊन हात दिला. "ओयाजी, चहा घ्या, आंघोळ करा." त्यांची पोरं रांगेत वाकली. डेकवर त्यांचं जाळं उघडून ठेवलं होतं. सवयीने मी खाली बसलो आणि खालच्या काठाची साखळी हातात घेतली.

साखळी गंजलेली होती.

तळावर घासणारी साखळी दोन दिवसांत चांदीसारखी होते. रेतीने घासली जाते, दुसरं काय होणार? आमची चिदोरीची साखळी बघा, दाढी करता येईल एवढी चकचकीत. आणि यांची गंजलेली! एकेका कडीवर तांबडा गंज, कारखान्यातून आल्यासारखा. म्हणजे हे जाळं तळाला टेकलंच नाही. इतक्या वेळा ओढलं, आणि एकदाही नाही.

आधी मला हसू आलं. गाढवांनो, तळ सापडत नाही होय तुम्हाला! तोंड उघडून बोलणार तेवढ्यात ओनोदेराचा चेहरा बघितला. तो साखळीकडे बघत नव्हता, आपल्या बुटांकडे बघत होता. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख पडलं. या पोराला किती खोलीला किती दोर सोडायचा हे झोपेतही चुकत नाही. मी शिकवलंय त्याला. चुकेल कसा?

"दोर कमी सोडतोयस, म्हणून जाळं तळापर्यंत पोचत नाही," मी म्हटलं.

तो डेकवर पडलेला दोर गुंडाळायला लागला.

"ओनोदेरा! मुद्दाम?"

"ओयाजी, चिदोरीचा शेवटचा हंगाम आहे," तो खाली बघूनच म्हणाला. "तुमचाही. आम्हा सगळ्यांचं ठरलं. आमच्यातले निम्मे तुमच्याच हाताखालचे. घरातला म्हातारा निघालाय, तर त्याला हरवून पाठवायचं? आम्हाला पुढे जन्मभर जिंकायचंच आहे. एवढा एक महिना तुमचा असू दे."

"कप्तानाला माहीत आहे?"

"नाही. दोर माझ्या हातात असतो."

मी माझी टोपी त्याच्या तोंडावर फेकून मारली. मग पाण्यात फेकली. म्हणजे तीच टोपी उचलून पाण्यात फेकली. मी म्हटलं, "भीक घातलीस मला? म्हाताऱ्याला लाडू देऊन गप्प करतात तसं? मी पोरांसमोर नाचलो रे! साकुमा झारा घेऊन नाचला! आणि तुम्ही तिकडे कठड्याशी उभे राहून हसत होतात!"

"कौतुकाने हसत होतो, ओयाजी."

"तुझ्या कौतुकाच्या..." पुढचं इथे लिहीत नाही, ही वही फुमिए वाचते असा मला संशय आहे.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. परक्याने हरवलं असतं तर राग आला असता आणि गेला असता. हा राग कुठे ठेवू?

१३ जून, गुरुवार

अजून कोणाला बोललो नाही. लिहायचंच तर खरं लिहितो.

गप्प बसलो तर काय होईल? चिदोरी न हरता जाईल. निरोप समारंभात भाषणं होतील. काझुमा मोठी बोट घेईल. ओनोदेरा कुणाला सांगणार नाही, मी सांगणार नाही. रेघ थरथरतेय तर थरथरू दे, यंत्र नवीन आहे असं मीच सांगून ठेवलंय. सगळे खुश.

सकाळभर हेच चघळत होतो. मग जेवताना चिनात्सुचं लोणचं डब्यातून काढलं आणि तिचा प्रश्न आठवला.

पुढच्या वर्षी होशिकागे एकटी जाणार. तेव्हा कुठला म्हातारा खुश करायचाय? ओनोदेरा दोर पूर्ण सोडणार, भरभरून मासे आणणार, आणि वर सरकार त्याचे दीडपट करणार. समुद्रात नसलेले मासे कागदावर पोहायला लागतील. आणि माझा जावई मोठी बोट घेऊन ते कागदावरचे मासे पकडायला जाईल. दोन वर्षं पकडेल. ते सुद्धा खऱ्यातलेच उरलेसुरले. मग?

माझ्या लग्नाच्या वर्षी शिरानुमात सुकेसो एवढा यायचा की रस्त्यावर पडलेला कोणी उचलत नसे. मांजरं सुद्धा नाक मुरडायची. मग आम्ही म्हणत राहिलो की आहे, भरपूर आहे. आज बंदरात निम्म्या गोद्या बंद आहेत. ते कुणी कौतुकाने केलं नव्हतं, हावरटपणाने केलं होतं. माशाला काय फरक पडतो?

ओनोदेराला हे कसं सुचलं नाही? मोठ्यांचा मान ठेव, मोठ्यांच्या पुढे जाऊ नकोस, हे मीच त्याच्या डोक्यात हातोड्याने ठोकलं. डोकं वापर हे ठोकायचं राहिलं वाटतं.

दुपारी सेन्सेईंकडे गेलो. उभ्यानेच सांगितलं. "त्यांचं जाळं तळाला लागत नव्हतं. आत्तापर्यंतचं सगळं फेका."

त्यांनी मान वर केली. "साखळी बघितलीत?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"शंका होती. खात्री करायला त्यांच्या बोटीवर गेले असते तर त्यांच्या कप्तानासमोर बोलावं लागलं असतं, ओनोदेरा-सानची नोकरी गेली असती. म्हणून तुम्हाला विचारलं होतं."

म्हणजे ही बाई तीन दिवस माझी वाट बघत बसली होती! ओरडून घ्यायची इच्छा झाली, पण कुणावर ओरडायचं तेच ठरेना. मी म्हटलं, "कारण काय लिहिणार?"

"कारण लिहायला अर्धी ओळ असते. 'दोर अपुरा.' खरंच आहे ते." मग पेन ठेवलं. "पण पुन्हा झालं तर पूर्ण पान लिहीन, तांडेल. आता उरलेल्या दिवसांत नीट ओढायला हवं. दोघांनीही."

दोघांनीही म्हणताना माझ्याकडे का बघितलं?

१५ जून, शनिवार

धुकं उठलं. जाळं टाकण्याआधी मी स्वतः रेडिओ घेतला. दोन्ही बोटींच्या कप्तानांनी ऐकलं, ऐकू दे.

"ओनोदेरा! पूर्ण दोर सोड. संध्याकाळी मी तुझी साखळी बघणार. तोंड दिसलं नाही तिच्यात, तर तुला त्याच साखळीने बांधून गुरुवारच्या बाजारात विकीन!"

 मग, "हो, ओयाजी."

होशिकागेचं जाळं वर आलं तेव्हा मागचा भाग एवढा फुगला होता की त्यांच्या विंचने हुंदका दिला. आमचं आलं, नेहमीसारखं. वाईट नव्हतं. पण त्यांच्या शेजारी... त्यांच्या पाच टोपल्या भरल्या तेव्हा आमच्या तीन. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तर बघायला नको असं झालं.

 साकुमाने मिसो सूप माझ्यासमोर असं आपटलं की निम्मं सांडलं. त्याला कारण माहीत नाही. त्याला एवढंच माहीत आहे की जिंकत होतो, मी रेडिओवर दुसऱ्या बोटीला ओरडून ओरडून शिकवलं, आणि आता हरतोय.

"आपल्या तांडेलचा पगार कोण देतं?" तो भांड्यांना विचारत होता.

संध्याकाळी समुद्रातच बोटी जवळ आल्या. दुर्बिणीतून साखळी बघितली. चकचकीत. राग शांत व्हायला हवा होता, उलट वाढला.

१८ जून, मंगळवार

रोज हरतोय. आज सकाळी विंचवरचा हातानाका माझ्या कानाशी आला. माणूस साधा, चिदोरीवर जीव.

"ओयाजी, उचलताना जरा हळू घेऊ का? दोन मिनिटं जाळं तळाशी जास्त राहील. कुणाला कळणार नाही. निदान एकदा तरी जिंकू."

 एकदाच. फक्त एकदा. चिदोरीच्या शेवटच्या आठवड्यात एकदा. मी त्याच्या हाताकडे बघत राहिलो, तो विंचच्या दांड्यावर तयारच होता.

मग ओरडलो. डॉक्टर घरी ऐकतील एवढं ओरडलो. "वेळ झाली की उचल! एक श्वास इकडे नाही की तिकडे नाही! चिदोरी हरली पाहिजे, समजलं? जेवढी खरी हरते तेवढीच हरली पाहिजे! कमी नाही, जास्त नाही!"

सगळं डेक थबकलं. साकुमा दारातून बघत होता. मग मी त्यांना काय झालं होतं ते सांगितलं. सगळं नाही, पण कळेल एवढं. ओनोदेराचं नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरज नव्हतीच.

हातानाका म्हणाला, "म्हणजे आपण कधीच जिंकलो नव्हतो?"

"नाही."

तो विंचकडे परत गेला आणि वेळेवर उचललं. हरलो. रात्रीच्या जेवणात साकुमाने मला न मागता जास्तीचा भात वाढला. मी त्याच्यावरही ओरडलो, सवयीने.

२१ जून, शुक्रवार

चिदोरीचं शेवटचं जाळं आज उचललं. हरलोच. सेन्सेई म्हणाल्या, "झालं. पुरेसं आहे. आकडा पक्का धरता येईल." होशिकागेला जेवढे येतील त्यांना दीडपेक्षा थोड्या जास्तीने भागायचं. म्हणजे आमच्या म्हातारीची किंमत ठरली.

होशिकागेने भोंगा दिला. लांबलचक, तीनदा. त्यांची सगळी पोरं कठड्याशी वाकली होती, या वेळी कोणी हसत नव्हतं. ओनोदेरा सगळ्यांच्या पुढे. बाकीचे उठले तरी हा वाकलेलाच. त्याचा स्वतःचा बाप गेला तेव्हाही एवढा वाकला नसेल. मी हात सुद्धा केला नाही. वारा समोरून होता, डोळ्यांत पाणी येत होतं, काही दिसत नव्हतं.

बंदरात उतरताना तो शिडीशी उभा होता. दोन्ही हातांनी रुमालात गुंडाळलेलं काहीतरी पुढे केलं. त्यांच्या साखळीची एक कडी कापून आणली होती. चकचकीत, आरशासारखी.

"ओयाजी, तोंड दिसतं."

मी बघितलं. दिसत होतं. म्हातारं, तांबडं, टोपीशिवायचं.

"साखळी तोडलीस. दुरुस्त कोण करणार?"

"केली, ओयाजी."

"गाठ नीट मारलीस का?"

"कडीला गाठ नसते, ओयाजी."

"मला शिकवतोस?" एवढं बोलून निघून आलो. कडी खिशात घातली. कोटाचा खिसा फाटला, एवढी जड. फुमिए शिवताना कुरकुरतेय.

२७ जून, गुरुवार

परवा काझुमाला बोलावून सांगितलं. मोठी बोट घेऊ नकोस. कोटा वाढणार नाही, आणि वाढला असता तर तो खोटा असता.

त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग उठला. "ओतोसान, तुम्ही जिंकत होतात ना? मग हरायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"मासे नाहीत रे तेवढे."

"ते मला ठाऊक नाही? रोज समुद्रावर मी जातो, तुम्ही नाही!" त्याचा आवाज फाटला. "एक वर्ष! एक वर्ष जरा बरं गेलं असतं. तेवढं सुद्धा तुम्हाला बघवलं नाही. सरकारची बोट, सरकारचा आकडा. आणि जावई?"

मीही ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. त्याने बूट घातले, पण नीट घातले नाहीत, टाचा दाबूनच गेला. चिनात्सु त्याच्यामागे गेली. दारात वळून एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. त्याचा अर्थ काय घ्यायचा कुणास ठाऊक.

काझुमाने नेमुरोच्या माणसाला 'नाही' असं कळवलं, हे फुमिएकडून समजलं. तो माझ्याशी बोलत नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

चिदोरीला आज ओढून नेलं. दोर लावून, दुसऱ्या बोटीच्या मागून. जन्मभर हिने ओढलं, आणि शेवटी हिला ओढत नेलं. बंदरावर पुष्कळ माणसं होती. भाषण करायला सांगितलं होतं, केलं नाही.  काझुमा आला होता. लांब, बर्फाच्या कारखान्यापाशी उभा होता. मी बघितलं तसा तो वळला.

घरी येताना काय मनात आलं कोण जाणे, त्याच्या होडीवर चढलो. तो नव्हता. सुकाणूच्या खोलीत, खिडकीजवळ एक खिळा होता, त्यावर ती कडी अडकवली. समुद्रात जाताना समोर दिसेल अशी. चिठ्ठी वगैरे ठेवली नाही. फेकायची असेल तर फेकेल.

२० ऑक्टोबर, रविवार

रक्तदाब कमी झालाय. डॉक्टर म्हणाले, "वहीचा उपयोग झाला की नाही?" मी म्हटलं, "नाही. नोकरी संपली म्हणून." तरी ही सशाची वही आज काढली, कारण राग आलाय.

सकाळी बंदरावर गेलो होतो. काझुमाची होडी गोदीला लागलेली, तो वर जाळं उतरवत होता. कोटा गेल्या वर्षीइतकाच आहे, वाढला नाही, कमीही झाला नाही. तो बोलला नाही, मीही नाही. खिडकीतून सहज आत डोकावलो.

कडी खिळ्यावरच होती. खारा वारा, उघडी खिडकी, दीड महिना. गंजून तांबडी व्हायला हवी होती. चकचकीत होती. बोट लावलं तर तेल लागलं. ताजं.

घरी येऊन फुमिएला विचारलं, त्या होडीवर कोण जातं? चिनात्सु जाते का? ती म्हणाली, चिनात्सुला होडी लागते, ती कधीच चढत नाही. "मग तेल कोण लावतं?" मी म्हटलं. फुमिए शिवत होती, हसायलाच लागली. हसता हसता सुई ठेवून दिली. एवढं हसायला काय झालं, ते सांगेचना.